डोकं ठिकाणावर आणि प्रेमाचा अभाव

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य महिन्यातून दोनदा तरी पडतंच. लाइट गेले, रस्ता खणला, एचआरने नवीन नियम काढला, की कोणीतरी लिहितं, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" परवा मीही ठोकून दिलं, "जपून रे, या मथळ्यापायी टिळक तुरुंगात गेले होते!" टीममधल्या एकीचे वडील वकील आहेत. तिने लगेच विचारलं, "नक्की?"

झालं, शनिवार गेला. आणि मी चुकलो होतो.

तारखाच बघा ना. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगच्या बंदोबस्तातली जबरदस्ती हे त्यामागचं कारण. 3 जुलैला तो मेला. सरकार सगळ्या पुण्यावरच खवळलं, तेव्हा 6 जुलैच्या 'केसरी'त हा अग्रलेख आला. पण खटला भरला तो त्याआधीच्या, 15 जूनच्या अंकावर! त्यात शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता आणि महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. म्हणजे आपण ज्या वाक्यावर सव्वाशे वर्षं टाळ्या वाजवतोय, ते आरोपात नव्हतंच.

मला जास्त धक्का बसला तो न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्या वाक्याने. कलम 124-अ मध्ये सरकारविषयी 'अप्रीती' पसरवणं हा गुन्हा. अप्रीती म्हणजे काय? स्ट्रेचींनी ज्युरीला सांगितलं, प्रेमाचा अभाव! द्वेष कशाला हवा, नुसतं प्रेम नसलं तरी पुरे. (आमच्या अप्रेझलमध्ये 'कंपनीबद्दल आपुलकी कमी वाटते' असा शेरा मिळाला होता मला, त्याची आठवण झाली. पण तिथे फक्त इन्क्रिमेंट गेलं.) नऊ ज्युरींपैकी सहा विरुद्ध तीन असा निकाल आणि 18 महिने सक्तमजुरी.

1908 ची गोष्ट तर सिनेमात घातली तर खोटी वाटेल. पुन्हा राजद्रोह, पुन्हा 'केसरी'चे लेख, आणि न्यायासनावर दिनशा दावर. हेच दावर 1897 मध्ये टिळकांच्या बाजूने वकील म्हणून उभे होते! 22 जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं. काही म्हणायचंय का, असं विचारल्यावर टिळक थोडकंच बोलले. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे. या कोर्टाहून वरची शक्ती जगाचा कारभार बघते. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या हालांनीच कार्य वाढावं अशी कदाचित तिची इच्छा असेल. दावरांनी सहा वर्षं काळं पाणी दिलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस.

124-अ चं कामकाज सुप्रीम कोर्टाने मे 2022 मध्ये स्थगित केलं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली. तिच्या कलम 152 मध्ये अप्रीती हा शब्द नाही, पण देशाची एकता आणि सार्वभौमत्व धोक्यात आणणं आहे. ते किती ताणायचं, हे पुन्हा कोर्टच ठरवणार.

टिळकांचे ते 1908 चे शब्द 1956 साली हायकोर्टातच, त्या कोर्टरूमबाहेर संगमरवरी पाटीवर कोरून लावले गेले. अनावरण कोणी केलं? खुद्द मुख्य न्यायाधीश छागलांनी. फोर्टात इतक्यांदा गेलोय, पण आत जाऊन ती पाटी अजून वाचलेली नाही. आणि हो, ग्रुपवर चूक कबूल करायची राहिलीये. ते आधी करतो.