लाल बॅग, पानशेत आणि आजीचा चष्मा

गेल्या महिन्यात मी ऑनलाईन एक 'इमर्जन्सी किट' मागवलं. लाल बॅग, वर पांढरी फुली. आत शिट्टी, चंदेरी कागदासारखं ब्लँकेट, होकायंत्र, जाळ करायची चकमक, सात-आठ हत्यारं एकत्र असलेला चाकू आणि बारीक अक्षरातलं माहितीपत्रक. किंमत इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचते.

आजीने (म्हणजे आईच्या आईने, वय 82 पार) एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. होकायंत्रापाशी थांबली.

"हे कशाला रे?"

"दिशा कळते गं त्याने."

"पुरात दोनच दिशा असतात. वर आणि खाली," असं म्हणून तिने ते परत ठेवलं. मग म्हणाली, "आणि यात पाणी कुठंय?"

आता मुळात ही खरेदी करायची वेळ का आली ते सांगतो. आम्ही येरवड्यात, नदीपासून फार लांब नसलेल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. पाणी फक्त पार्किंगमध्ये आलं, गुडघाभर. मी गॅलरीतून फोटोसुद्धा काढले (लाज वाटते आता). पण पंपाचं पॅनेल पार्किंगमध्ये. लिफ्टची मशिनरी बंद. वीज खबरदारी म्हणून तोडलेली. संध्याकाळपर्यंत वरची टाकी रिकामी झाली आणि आजूबाजूला पाणीच पाणी असताना आमच्या घरात प्यायला दीड बाटली उरली. आईचं इन्शुलिन बंद फ्रिजमध्ये. आजी गुडघ्यांमुळे चार मजले उतरू शकत नाही. फोनची बॅटरी 11 टक्के.

दिवसभर सर्व्हरचे बॅकअप सांभाळणारा माणूस मी! ऑफिसात एखादी गोष्ट बंद पडली तर तिच्यामागून आणखी काय काय बंद पडेल याचे तक्ते काढतो. आणि घरात आपलं पिण्याचं पाणी पार्किंगमधल्या एका लोखंडी पेटीवर टांगलेलं आहे हे मला एकोणतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आजी मात्र त्या रात्री शांत होती. "एकसष्टला असंच झालं होतं," एवढंच म्हणाली. त्यानंतर मी तिला खोदून खोदून विचारलं, आणि मग जमेल तसं वाचतही गेलो.

पानशेतचा पूर म्हटलं की पुण्यात प्रत्येकाकडे एक गोष्ट असते, त्यामुळे मूळ घटना थोडक्यात. आंबी नदीवरच्या पानशेतच्या मातीच्या धरणाचं काम 1961 च्या पावसाळ्यात पूर्ण झालेलं नव्हतं, आणि पाणी मात्र साठत गेलं. पाणी बाहेर सोडायचा जो बंदिस्त मार्ग धरणाच्या पोटातून जातो, त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या. तेव्हा पोलादाची टंचाई होती. तो भाग दबला, वरची माती खचू लागली. 11 जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी खचणाऱ्या भागावर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही, पण रात्र निभावली. 12 जुलैला सकाळी सातच्या सुमारास ते फुटलं. हेच मध्यरात्री झालं असतं तर काय, हा विचारसुद्धा करवत नाही. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात आलं. ते धरण 1879 चं, दगडी. त्याने काही तास तग धरला आणि दुपारी तेही फुटलं.

आजी तेव्हा अठरा वर्षांची, नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्यांत. सकाळी पूर बघायला माणसं नदीवर गेली होती, तिचे धाकटे भाऊसुद्धा. आधी कुणाला खरंच वाटेना. मग गल्लीत पाणी आलं आणि ते मुठेच्या नेहमीच्या पुरासारखं थांबेना, चढतच राहिलं. निघायला त्यांना जेमतेम वीस मिनिटं मिळाली असतील असं ती म्हणते.

आता त्या वीस मिनिटांत काय घेतलं? मी हे तिला तीनदा विचारलं. तिच्या आईने देव एका पंचात बांधले. वडिलांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं (ते आमच्याकडे अजून आहे, चालत नाही). आजीने नवीन पातळ घेतलं. शेजारच्या काकूंनी पितळी भांड्यांचं गाठोडं उचललं आणि कोपऱ्यावर ते टाकून दिलं, कारण कडेवर पोर होतं. आणि त्याच वाड्यातल्या एक विधवा आत्याबाई भरलेली कळशी घेऊन निघाल्या. सगळे त्यांच्यावर ओरडले, की नदी घरात येतेय आणि तुम्ही घरातलं पाणी घेऊन कुठे निघालात! त्या रात्री टिळक रोडकडच्या एका नातेवाइकाकडे एकवीस माणसं होती. मुलांना त्या कळशीतलं पाणी वाटीवाटीने दिलं. पहाटेच्या आत संपलं.

कारण खडकवासलाच फुटलं होतं, आणि पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्याचं. ज्या धरणाने शहर बुडवलं त्याच धरणातून शहर पाणी पीत होतं. पुराचा जोर दिवस मावळेपर्यंत ओसरला, पण नळाला पाणी नाही ही अवस्था पुढे बरेच दिवस राहिली. आमच्या पार्किंगमधल्या पॅनेलचीच गोष्ट, फक्त शहराएवढी मोठी. पेठांमध्ये आड होते, पण पूर येऊन गेलेल्या आडात चिखल आणि मेलेली जनावरं. मग टँकरच्या रांगा, उकळलेलं पाणी, टोचून घेणं. उकळायचं म्हटलं तरी स्टोव्ह चिखलात, रॉकेलचा डबा वाहून गेलेला आणि काडेपेटी भिजलेली.

बरं, मदत मिळत नव्हती असं नाही. सरकारने बर्वे (स. गो. बर्वे, आयसीएस, पुण्याचे आधीचे आयुक्त) यांना खास या कामासाठी आणलं, आणि पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. त्यांचा आकडा 103 असा सांगतात. पण मदत घ्यायची तर आपण कोण, कुठे राहत होतो, हे पटवून द्यावं लागे. पणजोबांचं रेशनकार्ड फळीवर राहिलेलं. भाड्याच्या पावत्या गेलेल्या. त्याहून वाईट म्हणजे त्यांचा चष्मा गेला. घड्याळ आणलं आणि चष्मा राहिला. फॉर्म भरायला, याद्यांमध्ये नाव शोधायला रोज आजीला बरोबर न्यायचे. शाळेत मास्तर होते हो ते. अठरा वर्षांच्या मुलीला म्हणायचे, जरा बघ गं आपलं नाव कुठे आहे का. आजी सगळं सांगताना हसत असते, इथे थांबली.

हे ऐकल्यावर मी त्या लाल बॅगकडे पाहिलं. तिच्यात जे होतं ते पाणी चढत असतानासाठी होतं, आणि तेही एकट्या, धडधाकट, जंगलात हरवलेल्या माणसासाठी. आपली संकटं अशी नसतात. आपण हरवत नाही. आपण आपल्याच शहरात, ओळखीच्या माणसांच्या गर्दीत, चार दिवस पाण्यावाचून, उजेडावाचून आणि कागदावाचून बसतो.

जपान्यांनी यावर बराच विचार केलाय. 1 सप्टेंबर 1923 ला, दुपारी बाराला दोन मिनिटं असताना, तोक्यो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला आणि जेवणाची वेळ असल्याने चुलींमुळे आगी लागल्या. होंजो भागात लष्कराच्या कपड्यांच्या कोठाराची मोकळी जागा होती, तिथे हजारो लोक जमले. येताना त्यांनी गाद्या, कपडे, लाकडी सामान आणलं होतं. आगीचं वादळ तिथे पोचलं आणि त्या सामानानेच पेट घेतला. सुमारे 38 हजार माणसं त्या एका मैदानात गेली. 1960 पासून 1 सप्टेंबर हा तिथे आपत्ती निवारणाचा दिवस असतो. दाराशी ठेवायची छोटी पिशवी वेगळी आणि घरात राहून दिवस काढायचा साठा वेगळा, अशी त्यांची सरळ विभागणी असते. मी दोन्ही एकाच लाल बॅगेत कोंबायला बघत होतो.

हिशोब केला तर लगेच कळतं. माणशी दिवसाला साधारण 4 लिटर पाणी धरलं तर आम्हा तिघांना तीन दिवसांचं 36 लिटर. म्हणजे 36 किलो. ते घेऊन कोण जिना उतरणार? म्हणून पाणी घरातच: झाकणाचे कॅन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलायचे. सोबत क्लोरीनच्या गोळ्या, त्यांची मुदत कॅनवरच लिहिलेली. खायला मी आधी पाकिटातले नूडल्स आणले होते. आईने विचारलं, हे शिजवायला पाणी कुठून आणणार? त्याऐवजी आता सातूचं पीठ, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, दाणे. इन्शुलिनसाठी थर्मास आणि गार राहणारे जेलचे पॅक. पॅक गार करायला वीज लागते, म्हणून ते कायम फ्रीजरमध्ये.

दाराशी साधी कापडी पिशवी, आत प्लास्टिकमध्ये आधार, रेशनकार्ड आणि घराच्या कागदांच्या झेरॉक्स. सगळं मोबाईलवर असतंच, पण 11 टक्के बॅटरी मला आठवते. औषधांची यादी मोठ्या अक्षरात. दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण नेटवर्क गेलं की कोपऱ्यावरचा दूधवाला क्यूआर कोड दाखवून काय करणार? सेलवर चालणारा छोटा रेडिओ. तो का, तर पूर ओसरल्यावर पुण्यात 'पुन्हा पाणी आलं, पळा!' अशी हूल उठली होती आणि माणसं चिखलातून जीव मुठीत धरून धावली होती. 2024 ला तशाच चार हुली मला फोनवर दुपारपर्यंत आल्या. विजेरी आणि चपला मात्र पलंगाजवळच. कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967) पहाटे सव्वाचारनंतर झाला आणि किल्लारीचा (30 सप्टेंबर 1993) चारच्या आत. काचांवरून अनवाणी चालत दाराशी ठेवलेल्या पिशवीपर्यंत जायचं, याला अर्थ नाही.

आणि गच्चीची किल्ली. आमच्या गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली एकाच घरी. ते कुटुंब मे महिन्यात गावाला गेलं की संपलं! दुसरी किल्ली करून घ्यायला तीन मीटिंगा लागल्या. पंपाचं पॅनेल वर उचलायचा विषय पुढच्या मीटिंगला आहे. खर्चाचा आकडा ऐकून दोघा-तिघांनी आत्ताच मान हलवली आहे.

नकाशावर बघताना एक गंमत कळली. 12 जुलैला पुण्याचे बाकीचे पूल पाण्याखाली होते, आणि वर राहिला तो बंडगार्डनचा. 1860 च्या दशकातला, दगडी कमानींचा, आमच्या येरवड्याला कॅम्पशी जोडणारा. रोज ऑफिसला जाताना मी त्याच्या शेजारच्या नव्या पुलावरून जातो आणि ट्रॅफिकला शिव्या देतो. रस्ता सोडून जायची वेळ आली तर कुठून जायचं, हे आता एका कागदावर लिहून पिशवीत ठेवलं आहे.

काल आजीने पिशवीची तपासणी केली. काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत आहे ना, ते पाहिलं. मग आत जाऊन तिचा जुना, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा आणून त्यात टाकला. "नंबर थोडा मागचाय," म्हणाली, "पण नाव वाचता येतं." होकायंत्र तिने खालच्या मजल्यावरच्या छोट्याला देऊन टाकलं. तो दिवसभर गच्चीवर उत्तर शोधतोय.