इणसुत्त आणि उचल : आष्टी परिसरातील विषमतेचा इतिहास

अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात 'इणसुत्त' नावाचे एक छोटे सुत्त आहे. गृहस्थाला दारिद्र्य हे दुःख आहे, हे भिक्खूंकडून वदवून घेऊन भगवान बुद्ध त्यात पुढची एकेक पायरी दाखवितात. दरिद्री माणूस ऋण काढतो. ऋण काढले की व्याज कबूल करतो. व्याज थकले की तगादा सुरू होतो. तगाद्याने भागले नाही की धनको पाठलाग करतो. आणि शेवटी ऋणकोला बांधले जाते. सुत्ताचा उत्तरार्ध आध्यात्मिक दारिद्र्यासंबंधी आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु उपमा नेहमी श्रोत्यांच्या ओळखीच्या गोष्टीची दिली जाते. दारिद्र्यापासून बंधनापर्यंतचा हा क्रम त्या काळच्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नसावा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातही तो समजावून सांगावा लागणार नाही. तेथे या ऋणाला 'उचल' म्हणतात.

आष्टी हा बालाघाटाच्या पश्चिम अंगाचा, अवर्षणप्रवण तालुका. पाऊस कमी, माती उथळ. त्याची सीमा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून आहे. १९४८ पर्यंत ही केवळ दोन जिल्ह्यांची सीमा नव्हती, दोन राज्यांची होती. पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडील सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोदावरी व प्रवरा कालवे काढले. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांवर ऊस आला, उसामागून कारखाने आले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. निजामाने बांधलेले मोठे धरण निजामसागर, तेही तेलंगणात. मराठवाड्याच्या वाट्याला जहागिऱ्या, इनामे आणि देशमुख-देशपांड्यांची वतने आली. पुढे पैठणला जायकवाडी झाले, पण ते गोदावरीवर. आष्टीचे पाणी सीनेला आणि सीनेतून भीमेला जाते. जायकवाडीचा आष्टीला उपयोग नाही.

तेव्हा आजची विषमता ही निसर्गाची करणी म्हणून सोडून देता येत नाही. पाऊस सीमेच्या दोन्ही बाजूंना तुटपुंजाच. कोणत्या बाजूला कालवा न्यायचा, हे राज्यकर्त्यांनी ठरविले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली हैदराबादचा कुळकायदा आला. पण ज्याच्या नावावर कूळ म्हणूनही जमीन नव्हती, त्याला या कायद्यांनी काय द्यावे? गावकीची कामे करणाऱ्या पूर्वास्पृश्यांकडे पडीक गायरान तेवढे उरले. त्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील गायरानावरील अतिक्रमणे भूमिहीनांच्या नावे नियमित करण्याचा शासननिर्णय निघायला २८ नोव्हेंबर १९९१ हा दिवस उजाडला.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. जमिनीचे तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही. शेतीवर अडकून पडलेले रिकामे हात उद्योगधंद्यांत गेले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आष्टी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांचे रिकामे हात उद्योगात गेले खरे, पण असे गेले की हंगाम संपताच पुन्हा त्याच कोरडवाहू तुकड्यावर परत यावे.

या धंद्याचा हिशेब थोडा तपशिलाने पाहू. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. पावसाळ्यात घरात पैसा नसतो. तेव्हा मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि तोडलेल्या टनांतून उचल फिटत जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरून तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दोन टन धरले तर ७३२ रुपये, म्हणजे पहाटेपासून अंधारापर्यंत राबून माणशी ३६६. समजा, उचल १ लाख आहे. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टनांप्रमाणे १३७ दिवस, एकही खाडा न करता. कारखाना चार महिन्यांतच बंद पडला तर १२,१६० रुपये अंगावर राहतात आणि पुढच्या वर्षाची उचल त्यांच्यावर चढते. मधल्या काळातील पोटाचा खर्च यात धरलेलाच नाही. कायद्याच्या भाषेत हे व्याज नव्हे, पण सुत्तातील 'वाढ' या शब्दात ते बसते.

दुसरी बाजू पाहावी. ऊस पिकविणाऱ्याला केंद्र सरकार दर वर्षी रास्त व किफायतशीर दर ठरवून देते. तो चौदा दिवसांत चुकता करण्याचे बंधन कारखान्यावर आहे. तोडणाऱ्याचा दर मात्र काही वर्षांनी, बहुधा संपाच्या तोंडावर, वाटाघाटीत ठरतो. सहकारी कारखान्याचा सभासद ऊस-उत्पादक असतो. जिच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत एक टिपरू पडत नाही, ती या सहकारात कोठेच नाही.

स्त्रियांचा हिशेब यापेक्षा कठोर आहे. शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे साधारण दर सहाजणींमागे एकीचे. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे अंगावर वाढणारी रक्कम, हे गणित ध्यानात घेतल्याशिवाय या संख्येचा अर्थ लागत नाही. सिगालोवादसुत्तात मालकाची दास-कर्मकरांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. उचलीच्या व्यवहारात यांपैकी वेतन तेवढे आहे, आणि तेही काम होण्यापूर्वीच खर्च झालेले.

थेरीगाथेतील इसिदासी थेरीची कहाणी आमच्या वाचकांना ठाऊक असेल. आपल्या पूर्वजन्मांविषयी सांगताना ती म्हणते की, एका जन्मी ती कर्जबाजारी गाडीवानाची मुलगी होती. व्याज साचत गेले आणि एका सार्थवाहाने तिला रडत-ओरडत घरातून ओढून नेले. अभ्यासक या कथेकडे बहुधा कर्मविपाकाचे उदाहरण म्हणून पाहतात. आम्हांला तीत आर्थिक इतिहासाचे एक दुर्मिळ साधन दिसते: बापाचे कर्ज मुलीच्या देहातून वसूल होते, ही गोष्ट एका स्त्रीच्या तोंडून नोंदली गेली आहे.

यावर पालि वाङ्मयात उपायही आहे, आणि तो दानाचा नाही. चक्कवत्तिसीहनादसुत्तातील राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी. मग तो पकडलेल्या चोराला पैसे देतो, तेव्हा इतरही चोरीला लागतात. पुढे तो शिरच्छेद करू लागतो, तेव्हा लोक शस्त्रे घेतात. कूटदन्तसुत्तातील पुरोहित राजा महाविजिताला वेगळा मार्ग सांगतो: शेती करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल, राजसेवकांना अन्न-वेतन. म्हणजे उत्पादनाचे साधन आधीच हाती द्यावयाचे. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती सामूहिक रीतीने कसण्याची व भांडवल राज्याने पुरविण्याची तरतूद सुचविली, ती याच जातीची आहे. संविधानात ती आली नाही. २००४ साली राज्याने दादासाहेब गायकवाडांच्या नावे भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना काढली. पण जमीन विकत घेऊन द्यायची, आणि विकणारा कोणी पुढे यायला हवा.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीला रेल्वे आली. टोळ्या मात्र ट्रक आणि ट्रॅक्टरनेच जातात, कारण त्यांना स्थानकावर नव्हे, फडावर पोहोचायचे असते. सहा डिसेंबर त्यांचा फडातच उजाडतो. परततात त्या चौदा एप्रिलच्या आसपास, आणि जून लागला की मुकादम पुन्हा दारात येतो.