पृथ्वीच्या आरपार बोअर मारता येईल का?

बोअर कोरडं जायला लागलं की आपण गाडीवाल्याला म्हणतो, "अजून शंभर फूट घ्या." पण माणूस खाली जाऊन जाऊन किती जाऊ शकतो?

पृथ्वी आरपार सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. सर्वात खोल उभं बोअर रशियात कोला इथं आहे. १९७० साली काम सुरू झालं, १९८९ मध्ये १२,२६२ मीटर गाठले. रुंदी फक्त २३ सेंटिमीटर. पृथ्वी हजार फुटांची धरली, तर हे बोअर फूटभरही भरत नाही.

अडचण उष्णता आणि दाबाची. तळाशी १०० अंश तापमान धरलं होतं, निघालं १८०. खडक मऊ पडून भोक बुजू लागलं आणि काम थांबलं. पृथ्वीच्या पोटात तर पाच हजार अंशांवर उष्णता, वितळलेलं लोखंड. तिथं कुठलाच केसिंग पाईप टिकणार नाही. म्हणून आरपार बोअर शक्य नाही.

आपल्याकडे कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर बोअर घेतलंय. वर सव्वा किलोमीटर काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट.

शेतकऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : पाणी खडकाच्या भेगांत असतं, आणि खाली दाबानं भेगा मिटत जातात. खोल गेलं म्हणजे पाणी लागतंच, असं नाही.