डाव्या हाताची बोटे

रत्नागिरी जिल्ह्यात जगबुडीच्या काठी खेड वसले आहे. त्याच्या आसपासच्या वाड्यांतून गणेशोत्सवात भजन चालू असते, तेव्हा पेटीवाल्याच्या दोन हातांकडे लक्ष द्यावे. उजवा हात सुरांवर धावत असतो. डावा मागच्या भात्याला वारा घालीत असतो. एक गातो, दुसरा राबतो, असेच म्हणावयाचे! परंतु हे वाद्य ज्या कुळातले आहे, त्या कुळात डाव्या हाताची अशी स्थिती सहसा नव्हती. ती कशी आली, हा इतिहास मनोरंजक आहे.

युरोपातील पट्टीवाद्यांच्या आरंभीच्या काळात अंगठ्याला फारसा मान नव्हता. वादक मधली तीन बोटे एकमेकांवरून ओलांडीत नेत. योहान सेबास्तियन बाख याने आपल्या तरुणपणी असे थोर वादक ऐकले होते की, लांबचा पल्ला गाठावयाचा असेल तेव्हाच ते अंगठा वापरीत. ही आठवण त्याचा पुत्र कार्ल फिलिप इमॅन्युएल याने 1753 साली प्रसिद्ध केलेल्या वादनविषयक ग्रंथात नोंदविली आणि त्याच ग्रंथात अंगठ्यास प्रमुख बोटाचे स्थान दिले. अंगठा आखूड असल्यामुळे तो इतर बोटांच्या खालून सरकू शकतो, आणि पाच बोटांनी आठ स्वर अखंड वाजविण्याची सारी युक्ती एवढ्यातच आहे.

डाव्या हाताचा क्रम उजव्याहून निराळा असतो. पांढरी एक हा षड्ज धरून शुद्ध सप्तक चढावयाचे, तर करंगळी सा वर, अनामिका रे वर, मध्यमा ग वर, तर्जनी म वर आणि अंगठा प वर येतो. येथे बोटे संपतात. मग मध्यमा अंगठ्यावरून पलीकडे जाऊन ध घेते, तर्जनी नि घेते आणि तार षड्जावर पुन्हा अंगठा येतो. काळी एकचा षड्ज घेतला की सारी मांडणी बदलते: मध्यमेने सा, तर्जनीने रे, अंगठ्याने ग, त्यावरून अनामिका म वर, मग मध्यमा प वर, तर्जनी ध वर, अंगठा नि वर आणि मध्यमा तार षड्जावर. अंगठा येथे ग आणि नि या दोनच स्वरांवर पडतो, कारण या सप्तकात पांढऱ्या पट्ट्या त्या दोनच आहेत. लांब बोटांना काळ्या पट्ट्या आणि आखूड अंगठ्याला पांढऱ्या, हा न्याय हाताच्या घडणीतूनच आलेला आहे. गायकाच्या आवाजाप्रमाणे षड्ज बदलणाऱ्या आपल्या साथीदारास तो विशेष उपयोगी पडावा.

स्वरसंघाचेही असेच. सा, ग, प एकदम दाबावयाचे तर करंगळी, मध्यमा व अंगठा योजावा. तेच स्वर प, सा, ग अशा क्रमाने घेतले, तर मध्यमेच्या जागी तर्जनी येते; कारण प आणि वरचा सा यांतील अंतर मोठे असून करंगळीला व तिच्या सोबतिणीला तेथे फाकावे लागते.

आता पेटीकडे वळू. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबां याने 1842 साली हार्मोनियमचे स्वामित्वपत्र घेतले, ते पायाने भाता चालविण्याच्या वाद्याचे होते. दोन्ही हात मोकळे असत. पुढे 1875 च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी बैठकीवर ठेवून वाजविण्याजोगी हातपेटी घडविली. ती स्वस्त, सुटसुटीत, गाडीबोटीतून नेण्याजोगी झाली आणि गावोगाव पोचली. या सोयीची किंमत डाव्या हाताने दिली. अर्थात रागसंगीतास स्वरसंघाची गरजच नव्हती, म्हणून ही किंमत कोणास जाणवली नाही, हेही खरे. मराठी संगीत रंगभूमीवर मात्र पायपेटी व ऑर्गन यांनी दोन्ही हात राखले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तर पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. 1911 च्या ‘मानापमान’च्या चालीही त्यांच्याच.

नभोवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती मींड निघत नाही व स्वर ठोकळेबाज आहेत या कारणांसाठी. ते बंधन 1971 साली सैल झाले. वादाच्या त्या तीन दशकांत डाव्या हाताचा प्रश्न कोणाच्या खिजगणतीत नव्हता, कारण आक्षेप उजव्या हाताच्या सुरांवर होता.

तो प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई. तेथून मुंबईस आलेल्या वादकांना स्वरसंघ ही परकी गोष्ट नव्हती. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी ते रुजविले, आणि शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसूझा हे त्यांपैकीच होत. चित्रपटगीताच्या बोलांमागे जो भरदार स्वरसमूह ऐकू येतो, त्यात पियानोवरचा डावा हातही असतो. तीच गीते भजनी पेटीवर उतरतात, तेव्हा वादक त्यांतला वरचा सूर तेवढा उचलतो. खालचे सूर धरावयास हात मोकळा नसतो.