छंदांची नावे आणि मराठी कान

ओवी हा शब्द मराठीच्या छंदःशास्त्राहून कितीतरी जुना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. 'ज्ञानेश्वरी' (१२९०) त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झाली. मुसळाच्या ठेक्यावर वाढलेल्या या रचनेचे माप मात्र पंडितांना दीर्घकाळ सापडले नाही. परशुरामतात्या गोडबोले (१७९९-१८७४) यांच्या 'वृत्तदर्पणा'तून मराठी विद्यार्थी लघु, गुरू, यती आणि आठ गण शिकले. मालिनी, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित यांना ही मोजपट्टी चोख बसते, कारण ती त्यांच्यासाठीच घडलेली होती. ओवी-अभंगापाशी ती अडते. तेथे ऱ्हस्वदीर्घांचा क्रम ठरलेला नसतो, आणि तरीही वारकऱ्याचा ठेका चुकत नाही. मापात न बसणारी रचना ढिसाळ ठरविली जाण्याचे भय अशा वेळी असते.

ही कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय माधव जूलियन, म्हणजे डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन, यांना द्यावे लागते. त्यांची 'छंदोरचना' १९२७ मध्ये निघाली. १९३७ मध्ये तिची विस्तृत सुधारित आवृत्ती आली आणि १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. लघुगुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त, मात्रांच्या आवर्तनाने चालते ती जाती आणि लगत्वभेदाच्या पलीकडे जाऊन केवळ अक्षरसंख्येने बांधला जातो तो छंद, अशी त्यांची व्यवस्था. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे येतात. म्हणताना प्रत्येक अक्षर लांबविले जाते, म्हणून कागदावरचा ऱ्हस्व कानाला खटकत नाही. सहा मात्रांच्या आवर्तनाला 'भृंग' आणि आठ मात्रांच्या आवर्तनाला 'पद्म' ही नावे मिळाली, तेव्हा मराठी कान जे मोजीत आला होता ते शब्दांत सांगता येऊ लागले. या मांडणीत ओवी ही मंदाक्रांतेची गरीब नातलग उरत नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे फल वाटते.

ही व्यवस्था अखेरची नव्हती. बडोद्याच्या ना. ग. जोशी यांनी १९५५ मध्ये 'मराठी छंदोरचना'त लयीच्या अंगाने हा प्रश्न पुन्हा तपासला. आजचा विद्यार्थी व्याख्या पाठ करतो तेव्हा त्यांमागचा हा वाद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ओवी मोठ्याने न म्हणताच तो तिची अक्षरे बोटांवर मोजतो.

परभाषेतून आलेल्या नावांची कथा निराळी. केशवसुतांनी १८९२ मध्ये चौदा ओळींची विलायती रचना मराठीत आणली. पुढे रविकिरण मंडळाच्या काळात तिला 'सुनीत' हे नाव रूढ झाले. ध्वनीने इंग्रजीजवळचा आणि घडणीने संस्कृत असा हा शब्द मोठा चतुर आहे. 'गज्जलांजलि' (१९३३) लिहिणारे आणि फारसी शिकविणारे माधवराव पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले. गझलेच्या क्षेत्रात मात्र रदीफ, काफिया, मतला हे शब्द आपल्या जागी राहिले.

मुक्तछंदाविषयी एवढेच, की 'अनिल' यांच्या 'भग्नमूर्ति'पासून (१९४०) तो प्रतिष्ठित झाला. त्याला गद्याचा पर्याय समजणाऱ्याने त्या नावातील उत्तरपदाचे काय करावयाचे, हे सांगितले पाहिजे.