धूमवर्तीपासून दम्याच्या पंपापर्यंत

श्वासावाटे औषध देण्याची कल्पना भारतात तंबाखूहून किमान हजार वर्षांनी जुनी आहे. तरीही ‘धूमपान’ हा शब्द आज केवळ बिडी, चिलीम आणि सिगारेट यांच्यापुरता उरला आहे. बऱ्हाणपूर आणि अजिंठ्याचा घाट यांच्यामधल्या पट्ट्यात वसलेल्या जामनेरच्या परिसरापुरता विचार केला, तरी औषधी धूर, तंबाखूचा धूर, चुलीचा धूर आणि धुराविना दिले जाणारे औषध हे चार धागे एकाच इतिहासात गुंतलेले दिसतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचे प्रायोगिक म्हणजे नित्याचे, स्नैहिक म्हणजे स्निग्धता देणारे आणि वैरेचनिक म्हणजे साठलेला कफ बाहेर काढणारे असे तीन प्रकार येतात. चंदन, वाळा, वेलदोडा, ज्येष्ठमध, जटामांसी, गुग्गुळ इत्यादी द्रव्ये वाटून त्यांचा लेप बोरूसारख्या काडीवर द्यावा, तो वाळल्यावर काडी काढून घ्यावी आणि उरलेली पोकळ वात, म्हणजेच धूमवर्ती, तूप लावून पेटवावी, अशी तिची कृती आहे. त्याहून लक्षणीय आहे ते धूमनेत्राचे, म्हणजे धूर ओढण्याच्या नळीचे वर्णन. ही नळी सरळ आणि तीन पेरांची असावी; वैरेचनिक धुरासाठी तिची लांबी 24 अंगुळे, तर प्रायोगिक धुरासाठी त्याच्या दीडपट असावी; कारण लांबून आलेला आणि पेरापेरांवर अडून विरळ झालेला धूर इंद्रियांना त्रास देत नाही, अशी कारणमीमांसा ग्रंथकाराने दिली आहे. मोठे व दाहक कण वाटेतच अडवावेत आणि सौम्य झालेला अंश तेवढा रुग्णापर्यंत जाऊ द्यावा, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. मात्र औषध आणि आग यांची फारकत त्या काळी शक्य नव्हती. वनस्पती जाळल्याशिवाय तिचा गुण श्वासात उतरत नव्हता, आणि त्यामुळे औषधाबरोबर काजळीही छातीत जात होती.

तंबाखू या प्रदेशात आली ती दक्षिणेकडून. पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे ती आधी दख्खनमध्ये रुळली होती. अकबराने 1601 मध्ये असीरगड जिंकून खानदेशाचे राज्य खालसा केले आणि शहजादा दानियाल याच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ म्हटले जाऊ लागले. याच दानियालच्या विवाहासाठी विजापूरची राजकन्या आणण्याच्या कामगिरीवर गेलेल्या असद बेगने परतताना तंबाखू आणि रत्नजडित नळी बरोबर नेली आणि ती अकबरापुढे ठेवली. बादशहाने काही झुरके घेतले, परंतु दरबारी वैद्याने या अपरिचित वनस्पतीला हरकत घेतली. पुढे 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, ती टिकली नाही. मात्रा, वेळ आणि प्रयोजन यांनी बांधलेल्या धूमपानाच्या जागी व्यसनाचा, अमर्याद धूर आला, आणि शब्द तेवढा जुना राहिला.

औषधी धुराची परंपरा यामुळे थांबली नाही. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय 1802 च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये गेला आणि तेथे दमेकऱ्यांसाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातील अॅट्रोपीनसारखी द्रव्ये श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतात, म्हणून उतार पडत असे. परंतु दम्याने आधीच सुजलेल्या नळ्यांना जळत्या पानाचा धूर अपायही करत असे आणि विषारी द्रव्याची मात्रा निश्चित नसे.

या विसंगतीवरचा टिकाऊ तोडगा 1956 मध्ये निघाला. अमेरिकेतील रायकर कंपनीने त्या वर्षी मोजक्या मात्रेचा फवारा बाजारात आणला. त्यात दाबाखाली द्रवरूप ठेवलेल्या वायूत औषध मिसळलेले असते आणि कळ दाबताच झडप दर वेळी तेवढीच मात्रा बाहेर सोडते. द्रव क्षणात उडून जातो आणि मागे हवेत तरंगणारे औषधाचे सूक्ष्म कण, म्हणजेच एरोसोल, उरतात. या कणांचा आकार हाच साऱ्या रचनेचा गाभा आहे: पाच मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून मोठे कण बहुतांशी घशातच आदळतात, फार बारीक कणांतील बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत जातात, आणि साधारण एक ते पाच मायक्रॉनांचे कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात. कोरड्या पुडीच्या उपकरणात हेच काम दुग्धशर्करेच्या जाड कणांकडून करवून घेतले जाते. औषधाचे बारीक कण त्यांना चिकटलेले असतात, रुग्णाने जोराने श्वास घेताच ते सुटतात, आणि शर्करा घशात राहून औषध पुढे जाते. मुंबईत 1935 मध्ये स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीने 1976 मध्ये दम्यासाठी असे फवारे आणले, आणि लोकांच्या बोलीत ‘पंप’ हा शब्द रूढ झाला.

हेच तंत्र निकोटीनकडे वळले तेव्हा इतिहासाने वेगळे वळण घेतले. चीनमधील होन लिक यांनी 2003 च्या सुमारास विकसित केलेल्या ई-सिगारेटमध्ये ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांत विरघळवलेले निकोटीन तापवून त्याचा एरोसोल केला जातो. तंबाखू जळत नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात, हे खरे आहे. परंतु शुद्ध निकोटीन घशाला झोंबते, म्हणून पुढे त्यात बेंझोइक आम्लासारखी आम्ले मिसळून त्याचे क्षार बनवले गेले, आणि झोंबणे कमी होताच अधिक मात्रा सहज ओढता येऊ लागली. धूमनेत्राची लांबी रुग्णाच्या रक्षणासाठी धूर सौम्य करत होती; येथे सौम्यता व्यसन वाढवण्याच्या कामी आली. भारताने 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट आणि तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे यांचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर तंबाखू चघळणारे वा मिसरी लावणारे 24.4 टक्के होते. म्हणजे धुराविना निकोटीन येथे आधीच घरोघरी आहे, आणि त्याने तोंडाच्या कर्करोगाचे संकट टळलेले नाही. दुसरीकडे, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना कधीही बिडी न ओढता श्वसनमार्ग कायमचा अरुंद करणारा विकार जडतो, आणि पंपाची सवय लागते या गैरसमजापायी त्यांच्यासारखे अनेक रुग्ण योग्य औषध टाळतात. आग वगळली म्हणून कोणताही फवारा औषध ठरत नाही. प्रयोजन, मोजलेली मात्रा आणि शुद्धता यांनीच तो औषध ठरतो. जामनेरसारख्या कापसाच्या तालुक्याला निकोटीनच्या नव्या वाफेची गरज नाही. गरज आहे ती चुलीचा धूर घराबाहेर जाण्याची आणि दम्याचा पंप संकोचाविना हातात घेतला जाण्याची.