सायकलच्या पल्ल्यातले सोयरे : मांजरा ते मुल्लामारी



आमच्या घरात सोयरिकीचा एक जुना हिशेब होता. मुलगी किती लांब द्यायची? तर सकाळी सायकलवर निघालेला तिचा भाऊ दिवस मावळायच्या आत तिच्या दारात पोचला पाहिजे. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीच्या सोयरिकी कागदावर मांडल्या की आपोआप दिसतो. भालकी, औराद, हुमनाबाद, उदगीर, निलंगा. बीदर मधोमध ठेवलं तर ही सगळी गावं शंभर किलोमीटरच्या आत बसतात. आज यातल्या काही गावांकडं जाताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावं लागतं. हिशेब मांडला गेला तेव्हा मधे फक्त नदी होती.

म्हणून आज सायकलबद्दल लिहितोय. हल्ली पोरं हेल्मेट घालून रविवारी पन्नास-साठ किलोमीटर फिरून येतात, त्याला ‘सायकल टूर’ म्हणतात. चांगलंच आहे. पण आपल्या या खोऱ्यात सायकलवरचा प्रवास ही हौस होण्याआधी दोन पिढ्या नाती जोडायचं साधन होता.

निजामाच्या राज्यात सरकारी बस सुरू झाली ती जून 1932 मध्ये, रेल्वे खात्याच्या हाताखाली. सुरुवातीला गाड्या होत्या 27. हैदराबाद संस्थान ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठं. सत्तावीस गाड्या कुणाकुणाला पुरणार? विकाराबादहून बीदरवरून परळीला जाणारी रेल्वे होती, पण ती रुळावरच्या गावांपुरती. बाकीच्यांना बैलगाडी, घोडं, नाहीतर पाय. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाणार. सायकल आली आणि तोच दिवस तिप्पट लांब झाला.

त्या सायकली विलायती असायच्या. रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलस. अठ्ठावीस इंची चाकं, दांड्याचे ब्रेक, मागे लोखंडी कॅरिअर, पुढच्या चाकाला घासून चालणारा डायनॅमोचा दिवा. गिअर नाही. हाली रुपयांत मोजून घेतलेली ही वस्तू अख्ख्या वाड्यात एकच असायची आणि तिची निगा घरातल्या गाईसारखी व्हायची. आमच्याकडं दसऱ्याला शस्त्रांबरोबर सायकलीलाही झेंडूची माळ पडायची. पोरं आधी दांडीखालून पाय घालून कैची शिकायची, मग दांडीवर आणि उंची पुरली की सीटवर. बायका चालवत नसत. त्यांचा प्रवास कॅरिअरवर, एका अंगाला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन.

आता या वाटेची जमीन समजून घेऊ, कारण सायकलवाल्याला जमीन पायातून कळते. बीदर शहर समुद्रसपाटीपासून बावीसशे फुटांच्या आसपास उंच पठारावर आहे. पठारावर तांबडा जांभा दगड. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच जांभ्यात खोदलेला आहे. तांबड्या मातीत पाणी मुरतं, पाऊस उघडला की घटकाभरात रस्ता चालता होतो. पण पठाराची कड उतरून मांजरेच्या खोऱ्यात आलात की काळी माती लागते. पावसात ती चाकाला धरते, चाकावरून मडगार्डमध्ये जाते आणि शंभर पावलांत चाक जाम. मग काडीनं चिखल काढायचा, पुन्हा शंभर पावलं. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची. ज्या सायकलनं माणसाला न्यायचं, तिलाच माणूस नेतोय, असं वडील हसत हसत सांगायचे.

या काळ्या मातीनं घराघरांत डोळ्यांत पाणी आणलं आहे. आपल्याकडं पंचमी हा लेकीबाळींचा सण. श्रावणात भाऊ मुराळी होऊन जाणार, बहिणीला घेऊन येणार, मग झोके, फेर, गाणी. आणि नेमका श्रावण म्हणजे चिखल आणि मांजरेला पाणी. बीडकडच्या बालाघाटात पाऊस झाला की इथं आभाळ कोरडं असलं तरी नदी चढते. त्यामुळं नदीच्या अलीकडे दिलेली लेक पंचमीला यायची, पलीकडे दिलेली येईलच असं नाही. माझी एक आत्या उदगीरला दिलेली. ती म्हणायची, “दिवाळीला भाऊ येतो, पंचमीला निरोप येतो.” आज कौठ्याजवळच्या पुलावरून औरादकडं जाताना खाली मांजरेचं पात्र दिसतं, तेव्हा मला हेच वाक्य आठवतं. पूल म्हणजे काय, हे पुलावरून रोज जाणाऱ्याला कळत नाही.

मग 1 नोव्हेंबर 1956 आला. राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, जहीराबाद आणि बीदर तालुक्यातलं न्याळकल सर्कल आंध्रात. उरलेला जिल्हा म्हैसुरात. जहीराबाद गेलं तरी त्यातलं निर्णा सर्कल तेवढं इकडंच राहिलं. वाटणीत एखादं भांडं या भावाकडं राहावं, तसं. खालच्या गुलबर्गा जिल्ह्यातूनही कोडंगल आणि तांडूर आंध्राला गेले.

आत्याचं घर मात्र हललं नाही. त्याच घरात, त्याच चुलीपाशी ती आधी हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होती, मग मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1960 नंतर महाराष्ट्रात आणि 1982 पासून लातूर जिल्ह्यात. तिच्या भावाचा पत्ता हैदराबादचा म्हैसूर झाला आणि 1973 मध्ये कर्नाटक. पाकिटावरचे पत्ते बदलत गेले, सायकलची वाट तीच राहिली. सीमेवर ना फाटक ना चौकी. ‘औराद’ म्हटलं तर महाराष्ट्रात औराद शहाजनी, इकडं औराद बाऱ्हाळी. नावंसुद्धा दोन्हीकडं सारखीच. आणि योगायोग बघा, सीमा आली त्याच 1956 साली लुधियानात हीरो कंपनीनं सायकली करायला घेतल्या. सोनीपतची ॲटलस 1951 पासूनच होती. देशी सायकल आली आणि वाड्यातली एक सायकल घराघरात गेली. म्हणजे सीमा आखली गेली तेव्हाच ती ओलांडायचं साधन स्वस्त होत होतं. म्हणूनच की काय, पहिली वीस-पंचवीस वर्षं आमच्या सोयरिकींवर सीमेचा ओरखडा दिसत नाही.

आतापर्यंत उत्तरेच्या वाटा सांगितल्या. दक्षिणेची वाट वेगळी आणि दिसायला जास्त देखणी. बीदरहून मन्नाएखेळी, तिथं हैदराबाद-सोलापूर हमरस्ता ओलांडायचा, मग निर्णा बाजूला ठेवून चिंचोळी. चिंचोळी कलबुर्गी जिल्ह्यात. वडील आणि थोरले मामा तरुणपणी या वाटेनं लाकूड-व्यवहाराच्या कामाला जायचे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी भाच्याला घेऊन मी तीच वाट सायकलनं केली. त्याची गिअरची, माझी साधी.

या वाटेत एक गोष्ट घडते ती मोटारीत बसून कळत नाही. बीदरच्या उत्तरेचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं. दक्षिणेला मात्र बसवकल्याण तालुक्यात उगम पावणारी मुल्लामारी चिंचोळीकडं जाते, ती कागिणेला मिळते, कागिणा भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे मधे कुठंतरी एका साध्या चढावर आपण गोदावरीचं खोरं सोडून कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो. पाटी नाही, डोंगर नाही. पण पायडलला कळतं. दम लागतो, मग सुटतो, आणि वारा तोंडावर येतो. भाच्याला म्हटलं, “आता लघवी केलीस तर ती श्रीशैलला जाईल.” तो पाच मिनिटं हसत होता.

चिंचोळीच्या पुढं जंगल सुरू होतं. 2011 मध्ये या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे 134 चौरस किलोमीटर. सह्याद्रीसारखं गच्च हिरवं रान डोक्यात ठेवून कुणी गेलं तर हिरमुसेल. हे पानगळीचं कोरडं रान. सागवान, धावडा, टेंभुर्णी आणि कडेकडेनं सीताफळं. फेब्रुवारीत अर्धी झाडं उघडी पडलेली, आणि त्यांच्यात पळस पेटलेला. टेकड्यांच्या मधे चंद्रमपल्लीच्या धरणाचं पाणी अचानक समोर येतं, तेव्हा उतरून सायकल झाडाला टेकवावीच लागते. आम्ही तिथं भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी खाल्ली. खाताना बोललो नाही, पाण्यावर पाखरं होती.

बोलींचंही तसंच. बीदरला सकाळी चहावाला दखनीत बोलला. मन्नाएखेळीला पंक्चरवाला कन्नडमध्ये. रानातल्या लमाण तांड्यावर पाणी मागितलं तर म्हातारी गोरमाटीत काहीतरी म्हणाली आणि मग आमच्याशी मराठी-हिंदी मिसळून. कुंचावरमकडं गेलात तर तेलुगू कानावर येते. एका दिवसाच्या सायकलीत पाच भाषा. आपल्या जुन्या माणसांना या सगळ्या कामापुरत्या यायच्या, ते याच वाटांमुळं. सायकलवाल्याला थांबावं लागतं. हवा मागावी लागते, पाणी मागावं लागतं, रस्ता विचारावा लागतो. मागायचं तर समोरच्याच्या बोलीत मागावं लागतं.

याच काळात मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये सायकलवर निघून 1928 मध्ये जग फिरून परत आले. चव्वेचाळीस हजार मैल. त्यांची गोष्ट वाचताना ऊर भरून येतो. पण आपल्या माणसांनीही मैल कमी नाही तोडले. फक्त तेच तेच चाळीस मैल, पन्नास वर्षं. लग्नाचं आमंत्रण, बाळंतिणीचा डिंक-खारीक, मयतीचा निरोप, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीचा दरबार, नवसाचं गाणगापूर. त्यांची पुस्तकं झाली नाहीत, कारण त्यांना हा प्रवास वाटतच नव्हता.

मग ही वाट मोडली कशी? सीमेनं मोडली म्हणावं तर तसं एका दिवसात झालं नाही. आधी बस वाढल्या, त्या आपापल्या राज्याच्या. जिल्ह्याच्या गावाला गाडी दर तासाला, सीमेपलीकडच्या तालुक्याला मोजक्याच. मग शाळा. उदगीरची भाचरं मराठीत शिकली, बीदरची कन्नडमध्ये, कारण नोकरी त्या भाषेत. दोन्ही बाजूंनी आपापल्या जागी ते बरोबरच होतं. मग मोटारसायकल आली, पल्ला वाढला. पल्ला वाढला म्हणजे जवळचं सोडून लांबचं दिसायला लागलं. आता स्थळं पुण्याची, हैदराबादची, बंगळूरची. ऑक्टोबर 2017 मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, चांगली सोय झाली. पण ज्या उदगीरला भाऊ सायकलवर जायचा, तिथल्या चुलत भावंडांची नावं आमच्या घरातल्या पोरांना सांगता येत नाहीत. सीमेचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जो लागायचा तो लागेल. पण नात्याची सीमा आपणच आखत आलो आहोत, ती पुसायला कुठल्या न्यायालयाची वाट बघायला नको.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हणू नका, काही सांगणार नाहीत. त्यांना विचारा, “सायकलवर कुठून कुठं जायचात? नदी कुठं उतरायचात? पंक्चर कोण काढायचं? मुक्काम कुणाकडं?” बघा, एकेक गाव, एकेक ओढा, एकेक सोयरा बाहेर येईल. ते लिहून घ्या, गावांच्या नावांसकट. आणि जमलं तर हिवाळ्यात, काळी माती वाळल्यावर, त्यातली एक तरी वाट सायकलनं करून या. ज्या गावात वाट संपेल तिथं बहुतेक आपलंच कुणीतरी राहत असेल. दार वाजवा.